हात थरथरतो, पण दुखणं मेंदूत असतं

ताडकळस आणि आसपासच्या गावांतल्या बचत गटांच्या सगळ्या ताया, मावश्या, सासवा-सुना ऐकताय ना? आज हाताच्या कंपाविषयी बोलू या.

घरात कुणाचा हात कापायला लागला की आपण म्हणतो, वय झालं. बाई तरुण असली तर म्हणतो, अशक्तपणा आहे. त्यानेही समाधान झालं नाही की अंगारा-धुपारा सुरू होतो. पण हात हलवायचा हुकूम मेंदूतून येतो. डोक्याच्या मागे, मानेच्या वर लहान मेंदू असतो. हात किती न्यायचा, कुठे थांबवायचा, याचं माप तो ठेवतो. मेंदूच्या आतले आणखी काही भाग हालचाल सुरळीत ठेवतात. गाडीवरून पडून डोक्याला जबर मार लागला, अंगावरून वारं गेलं म्हणजे पक्षाघात झाला, मेंदूत गाठ झाली किंवा मेंदूज्वर झाला, तर या भागांना इजा होऊ शकते. मग हात थरथरतो.

इथेच आपली फसगत होते. इजा झाल्याबरोबर कंप दिसेलच असं नाही. काहींना तो काही आठवड्यांनी, काहींना कित्येक महिन्यांनी सुरू होतो. तोवर जखम भरलेली असते, टाके विसरलेले असतात. त्या पडण्याचा आणि या थरथरीचा संबंध कुणाच्या ध्यानातच येत नाही. लंडनचे डॉक्टर गॉर्डन होम्स यांनी १९०४ साली मेंदूच्या इजेमुळे होणाऱ्या अशा एका कंपाचं वर्णन लिहिलं. त्याला आजही होम्स कंप म्हणतात. म्हणून दवाखान्यात गेल्यावर मागच्या दोन वर्षांतलं डोक्याचं दुखणं, पडणं, अपघात, झटका, सगळं सांगा. जुने कागद सोबत न्या.

हात नेमका कधी थरथरतो, हे घरच्यांनी बघून ठेवायचं. हात मांडीवर निवांत ठेवलेला असताना थरथरतो का? कंपवातात, म्हणजे पार्किन्सनच्या आजारात, बहुधा असं होतं. हात समोर लांब धरला किंवा कपबशी उचलली की थरथरतो का? असा कंप कधी घराण्यात चालत आलेला असतो, तर कधी थायरॉईडमुळे किंवा दम्याच्या औषधामुळेही येतो. की घास तोंडाजवळ जाईल तसा हात जास्तच हलतो? तसं असेल तर लहान मेंदूकडे बघावं लागतं. होम्स कंपात हात निवांत असतानाही हलतो आणि काम करताना आणखी जोरात हलतो. मोबाईलवर दोन मिनिटांचं चित्रण केलं तरी डॉक्टरांना मोठी मदत होते.

तपासणीला घाबरू नका. डॉक्टर सांगतात, माझ्या बोटाला बोट लावा, मग स्वतःच्या नाकाला लावा. कागदावर चकलीसारखा गोल गोल आकार काढायला लावतात. एका पेल्यातलं पाणी दुसऱ्यात ओतायला सांगतात. चालायला लावतात. चालू असलेल्या सगळ्या गोळ्या विचारतात. रक्त तपासतात. मेंदूत इजा कुठे आहे, हे बघायला सीटी स्कॅन किंवा एमआरआय करतात. सुरुवात आपल्या प्राथमिक आरोग्य केंद्रातून करा. तिथून चिठ्ठी घेऊन परभणीचं जिल्हा रुग्णालय आणि गरज पडली तर नांदेडच्या विष्णुपुरीचं किंवा संभाजीनगरच्या घाटीचं शासकीय रुग्णालय. महात्मा फुले जनआरोग्य योजनेत काय बसतं, ते रुग्णालयातल्या आरोग्यमित्राला आधीच विचारा.

उपचाराबद्दल खरं सांगते. इजा झालेला मेंदू पूर्ववत करणारी गोळी नाही. पण कंप पुष्कळदा कमी करता येतो. कुणाला कंपवाताच्या गोळ्यांनी उतार पडतो, कुणाला दुसऱ्या गोळ्यांनी. लहान मेंदूच्या कंपाला गोळ्यांचा गुण कमी येतो, तिथे व्यायामोपचारावर भर द्यावा लागतो. कंपावरची प्रोप्रॅनोलॉल नावाची गोळी दम्याच्या रुग्णाला धोक्याची ठरते. म्हणून शेजारणीची गोळी आपण घ्यायची नाही आणि आपली गोळी एकदम बंद करायची नाही. खाजकुहिलीच्या बियांत कंपवातावरच्या औषधातलाच घटक असतो, हे खरं. पण घरी कुटून घेतलं तर मात्रा कळत नाही. औषधांनी भागलं नाही तर मोठ्या शहरांत मेंदूत बारीक तार बसवण्याची शस्त्रक्रिया करतात. ती खर्चिक आहे आणि प्रत्येकीला उपयोगी पडत नाही.

घरातही करण्यासारखं पुष्कळ आहे. हलक्या स्टीलच्या पेल्याऐवजी जड पितळी पेला द्या आणि तो अर्धाच भरा. जेवताना कोपर पाटावर किंवा टेबलावर टेकू द्या. चमच्याच्या दांड्याला कापड गुंडाळून तो जाड करा. उकळतं तेल आणि विळी तिच्याकडे नको. पण शेंगा फोडणं, निवडणं, हिशेब बघणं ही कामं तिच्याकडेच राहू द्या. चारचौघांत हात जास्त कापतो, तेव्हा तिच्याकडे टक लावून बघू नका.

गटात याचा पहिला फटका सहीला बसतो. सही जुळत नाही म्हणून पावती परत येते, मग बायका म्हणतात, हिला सचिवपदावरून काढा. तायांनो, असं करू नका. आजारपणामुळे सही जमत नसेल तर वैयक्तिक खात्यावर अंगठा चालतो. रिझर्व्ह बँकेची तशी सूचना आहे. बँकेच्या ओळखीचे दोन साक्षीदार लागतात, त्यातला एक बँकेचा जबाबदार अधिकारी. गटाच्या खात्यासाठी ठराव करा आणि सहीचा नवा नमुना कसा द्यायचा, ते शाखेत विचारा. हात थरथरतो म्हणून डोक्यातला हिशेब चुकत नाही.

२०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात पार्किन्सन आणि मज्जासंस्थेचे दीर्घकालीन आजार धरले आहेत. त्रास कायमचा असेल तर जिल्हा रुग्णालयात दिव्यांग प्रमाणपत्राची चौकशी करा.

एक मात्र लक्षात ठेवा. तोंड अचानक वाकडं झालं, एक हात लुळा पडला, बोलणं अडखळलं किंवा डोक्याला मार लागल्यावर उलट्या, झोपाळूपणा, फिट असं काही दिसलं, तर सकाळपर्यंत थांबायचं नाही. लगेच १०८ ला फोन करा. रक्ताची गुठळी अडकून पक्षाघात झाला असेल तर ती विरघळवणारं इंजेक्शन पहिल्या साडेचार तासांतच देता येतं. आणि गाडीवर मागे बसणाऱ्या बाईनेही हेल्मेट घालायचं, बरं का!

येत्या बैठकीत दहा मिनिटं या विषयाला द्या. आपल्या गावात कुणाचा हात थरथरतो आणि ती अजून दवाखान्यात गेली नाही, हे विचारा. तिच्यासोबत एकजण जा.