योनाथानला दिलेला शब्द

शौलच्या घराण्यातले कुणी अजून हयात आहे का, अशी चौकशी दावीद राजाने केली, तेव्हा ऐकणाऱ्यांच्या पोटात गोळा आला असेल. गादी बदलली की जुन्या घराण्याचे वारस शोधून संपवायचे, हा जुन्या राजेशाह्यांचा शिरस्ता. आपल्याकडच्या तख्तांचा इतिहास तरी कुठे वेगळा आहे! पण हा शोध निराळ्याच कारणासाठी होता. योनाथानच्या खातर त्या घराण्यावर दया करायची होती.

हिब्रू धर्मग्रंथातील शमुवेलच्या पुस्तकांत ही हकीकत येते. दावीद म्हणजे कुराणातले हजरत दाऊद आणि शौल म्हणजे तालूत. योनाथान हा शौलचा मुलगा आणि दावीदचा जिवलग दोस्त. बाप दावीदच्या जिवावर उठलेला असताना या मुलाने त्याला शेतात गाठून सावध केले. गादीचा वारस खरे तर तोच. पण त्याने दावीदकडे मागितले एवढेच, की मी नसलो तरी माझ्या घराण्यावरची तुझी माया तुटू देऊ नकोस. दावीदने शब्द दिला. पुढे पलिष्ट्यांशी झालेल्या लढाईत योनाथान मारला गेला. आता त्या शब्दाची आठवण करून देणारे कुणी उरले नव्हते.

मूळ हिब्रूत इथे ‘हेसेद’ हा शब्द आहे. या ग्रंथात तो सुमारे अडीचशे वेळा येतो आणि भाषांतरकारांना घाम फोडतो. दया म्हणावे तर इमान सुटते, इमान म्हणावे तर दया. उर्दूतही रहम आणि वफा असे दोन शब्द जोडावे लागतात. हिब्रूत ते एकच. मनाला वाटले म्हणून केली ती दया वेगळी. हेसेद आपण बांधले गेलो आहोत म्हणून करायचे.

योनाथानचा मुलगा मफीबोशेथ सापडला. पाच वर्षांचा असताना, बाप गेल्याची बातमी येताच दाई त्याला घेऊन पळाली, तो पडला आणि दोन्ही पायांनी अधू झाला. दावीदने त्याला आजोबांची जमीन परत दिली आणि रोज राजाच्या पंगतीला बसवले.

गोष्ट इथे थांबली असती तर गोड झाली असती. पुढे दावीदवर मुलाच्या बंडामुळे परागंदा व्हायची वेळ आली. तेव्हा सीबा नावाच्या चाकराने मफीबोशेथविरुद्ध कान भरले आणि दावीदने चौकशी न करता सगळी जमीन सीबाला दिली. राजा परतला तेव्हा मफीबोशेथ सामोरा आला, तो राजा गेल्या दिवसापासून पाय न धुतलेला, मिशा न कातरलेला. दावीदने जमीन अर्धी-अर्धी केली. हा निवाडा काही शोभणारा नव्हता. मफीबोशेथ म्हणाला, सगळी त्यालाच असू द्या, तुम्ही सुखरूप आलात ना!

खरी कसोटी दुष्काळात लागली. यहोशवाच्या काळात गिबोनकरांनी शिळी भाकरी, फाटके जोडे दाखवून दूरदेशीचे असल्याचे सोंग केले आणि अभयाची शपथ मिळवली. तीन दिवसांत लबाडी कळली, तरी शपथ मोडली गेली नाही. शौलने मात्र ती मोडून त्यांची कत्तल केली होती. तीन वर्षांच्या दुष्काळाचे कारण हेच ठरले. भरपाई म्हणून गिबोनकरांनी शौलच्या वंशातले सात पुरुष मागितले. दावीदने सात दिले. मफीबोशेथला दिले नाही. योनाथानची शपथ आड आली. एका मोडलेल्या शब्दाने सात जीव घेतले, एका पाळलेल्या शब्दाने एक वाचवला. त्या सातांचा गुन्हा काय, हे ग्रंथ सांगत नाही. वाचणाऱ्याला ते बोचत राहते.

सातांपैकी दोघांची आई रिस्पा खडकावर गोणपाट पसरून बसली. सुगीच्या सुरुवातीपासून पाऊस कोसळेपर्यंत तिने दिवसा पाखरे आणि रात्री जनावरे मुलांच्या प्रेतांना शिवू दिली नाहीत. तिला कुणी कसलाच शब्द दिलेला नव्हता. हे दावीदच्या कानावर गेले. मग त्याने त्या सातांची हाडे गोळा करवली आणि इतकी वर्षे परगावी राहिलेली शौल व योनाथानची हाडे आणवून कीशच्या, म्हणजे योनाथानच्या आजोबांच्या, कबरीत ठेवली.