जुना टॅब: अपडेट मारायचा की नाही?

या मालिकेत सगळ्यांत जास्त वेळा विचारला गेलेला प्रश्न म्हणजे, "टॅब जुना झालाय, अपडेटची सूचना सारखी येते. मारू की नको?" माझं उत्तर ठरलेलं असायचं: "मारून टाका." गेल्या कार्तिकात बंगळुरूला बसवनगुडीत मावशीकडे गेलो आणि ते उत्तर अर्धवट असल्याचं लक्षात आलं.

मावशीकडे काकांनी घेतलेला आयपॅड एअर २ आहे, २०१४ सालचं मॉडेल. त्यावर आयओएस १०.३, काका गेल्यापासून त्यात कुणी काही बदललं नव्हतं. बँकेचं ॲप त्यावर उतरेना. पेन्शन जमा झाली का, एवढं बघायला मावशी शाखेत खेटे घालत होती. "अरे, तेवढं अपडेट करून दे," ती म्हणाली.

बटण दाबण्याआधी मी सहज विचारलं, "मावशी, तू यावर रोज काय उघडतेस?" तिने रेकॉर्डिंगचं एक ॲप उघडलं. काकांच्या आवाजातले अभंग आणि पुरंदरदासांची पदं, एकूण त्रेचाळीस. प्रत्येकाला काकांनी स्वतः नाव दिलेलं. एकाचं नाव होतं 'परिषेचा सोमवार'. कार्तिकातल्या शेवटच्या सोमवारी इथे बुल टेंपल रोडवर कडलेकाई परिषे भरते, म्हणजे भुईमुगाच्या शेंगांची जत्रा. गाण्यामागे त्या गर्दीचा गलका ऐकू येतो.

मी सेटिंग्जमध्ये जनरल, अबाउट, ॲप्लिकेशन्स असं जाऊन पाहिलं. पुढच्या आवृत्तीवर जी ॲप चालणार नाहीत, त्यांची यादी आयओएस १०.३ तिथे दाखवतं. काकांचं ॲप त्या यादीत होतं.

कारण साधं आहे. ते ॲप ३२-बिटचं. २०१७ साली आलेल्या आयओएस ११ पासून ॲपलने ३२-बिट ॲप चालवणं बंद केलं. बनवणाऱ्याने ॲप सुधारलं असतं तर प्रश्न नव्हता. पण हे ॲप आता स्टोअरमध्येच नाही.

"मग नाही आवडलं तर मागे येऊ," असं कुणी म्हणेल. तसं येता येत नाही. सिस्टिम बसवताना आयपॅड ॲपलच्या सर्व्हरची मंजुरी घेतो, आणि नवी आवृत्ती आली की जुनीला मंजुरी मिळणं थोड्याच दिवसांत बंद होतं. या मॉडेलची शेवटची पायरी आयपॅडओएस १५. तिथे चढलं की आयओएस १० कायमचं गेलं. बॅकअप घेतला तरी त्यातून माहिती परत येते, जुनी सिस्टिम नाही. गाणी असतील, पण ती उघडणारं ॲप चालणार नाही. किल्ली हरवलेल्या ट्रंकेसारखं.

आता दुसरी बाजू. अपडेट न करण्याचीही किंमत असते. सुरक्षेच्या दुरुस्त्या मिळत नाहीत, आणि वेबसाइटही हळूहळू उघडेनाशा होतात. ३० सप्टेंबर २०२१ ला अनेक साइट वापरत असलेल्या एका जुन्या मूळ प्रमाणपत्राची मुदत संपली आणि आयओएस ९ किंवा त्याआधीच्या उपकरणांवर त्या साइट अडल्या. अँड्रॉइडचंही तेच: जुलै २०२३ मध्ये गूगलने किटकॅट, म्हणजे ४.४, साठी प्ले सर्व्हिसेसचा आधार थांबवत असल्याचं जाहीर केलं.

अपडेटने यंत्र मंदावतं, ही भीतीही अगदीच खोटी नाही. ऑक्टोबर २०१८ मध्ये इटलीच्या स्पर्धा प्राधिकरणाने अपडेटनंतर जुने फोन मंदावल्याच्या प्रकरणी ॲपलला १ कोटी आणि सॅमसंगला ५० लाख युरोंचा दंड केला होता.

तेव्हा बटण दाबण्याआधी तीन प्रश्न विचारा. या टॅबवर असं काय आहे, जे दुसरीकडे कुठेच नाही? ते बाहेर काढून दुसऱ्या यंत्रावर उघडून पाहिलं का? आणि या टॅबवर पैशांचे व्यवहार होतात का? होत असतील, तर सुरक्षेच्या दुरुस्त्या न मिळणारा टॅब त्यासाठी वापरू नका.

आम्ही आधी गाणी बाहेर काढली. ॲपमधून एकेक फाइल मेलने पाठवली. चार फाइल मेलला जड झाल्या, त्या टॅबवर वाजवून माझ्या फोनवर टिपल्या. दोन संध्याकाळी गेल्या. मग प्रत्येक गाणं फोनवर सुरुवातीपासून शेवटपर्यंत ऐकलं, कारण न ऐकलेली प्रत ही प्रत नव्हेच. एक संच पेन ड्राइव्हवर ठेवला, एक मावसभावाकडे.

आता अपडेटला काहीच अडचण नव्हती. मी म्हटलं, "मावशी, मारू आता?" ती काकांनी दिलेल्या नावांची यादी बघत बसली होती. म्हणाली, "राहू दे रे. बँकेचं दुसरीकडे कर."

तिचं बरोबर होतं. मी टॅब नवा की जुना एवढंच बघत होतो. तिने त्याचं काम ठरवलं. बँकेचं ॲप तिच्या नव्या फोनवर टाकलं. टॅबचं वायफाय बंद केलं, नेटवर्कचा पासवर्डही त्यातून काढला. आता तो फक्त गातो. बॅटरी पूर्ण उतरू द्यायची नाही, एवढंच पथ्य तिला सांगितलंय.

तुमच्या टॅबवर असं काही नसेल, तर खुशाल अपडेट करा. पण आधी घरातल्या माणसाला विचारा, "तू यावर रोज काय उघडतेस?" भेटू पुढच्या भागात.