दिवाळीच्या सुट्टीत कच्छचं रण? कतारगामहून गाडी काढण्याआधी हे वाचून घ्या

कतारगाम (सुरत) : हिऱ्याच्या कारखान्यांना दिवाळीची सुट्टी लागली की कतारगाम दोन दिवसांत रिकामं होतं. सौराष्ट्रवाले आपापल्या गावी, आपले खान्देशी लोक नवापूर, नंदुरबार, शिरपूरकडे. पण अलीकडे एक तिसरा गट वाढलाय. चार-पाच घरं मिळून एखादी सात सीटर ठरवतात आणि थेट कच्छची वाट धरतात. मोबाइलवर पांढऱ्याशुभ्र रणाचे व्हिडिओ बघितलेले असतात, बोनस हातात असतो, सुट्टीही तीन आठवड्यांची. मग अडचण काय?

अडचण अशी की आपल्या सुट्टीचं कॅलेंडर आणि रणाचं कॅलेंडर जुळत नाही. दिवाळी येते ऑक्टोबरच्या मध्यापासून नोव्हेंबरच्या मध्यापर्यंत कधीतरी. २०२५ ला ती २०-२१ ऑक्टोबरला आली, २०२६ ला ८ नोव्हेंबरला आहे. त्या दिवसांत धोरडोच्या 'सफेद रणा'त बहुतेक वेळा पाणी नाहीतर चिखल असतो. सुमारे सातशे किलोमीटर गाडी हाकून, पोरांना घेऊन तिथं पोहोचायचं आणि समोर राखाडी चिखल बघायचा, यात वर्षभराची बचत जाते. म्हणून आधी रण समजून घेऊ, मग रस्ता.

रण पांढरं होतं कसं?

रण म्हणजे राजस्थानसारखी वाळू नव्हे. हा कधीकाळी समुद्राचाच भाग होता. गाळ भरत गेला, जमीन वर आली. १६ जून १८१९ च्या भूकंपात तर मोठ्या रणाच्या पश्चिम भागात जमिनीचा एक लांबच लांब बांध वर उचलला गेला. त्याला आजही 'अल्लाह बंद' म्हणतात. आता ही जमीन इतकी सपाट आणि सखल आहे की पावसाळ्यात आलेलं पाणी जायला वाटच नाही. एका बाजूनं नदीनाल्यांचं गोडं पाणी येतं. लूणी मोठ्या रणात येते, बनास आणि रूपेण छोट्या रणात. दुसऱ्या बाजूनं नैऋत्येचा वारा खाडीचं खारं पाणी आत ढकलतो. दोन्ही पाणी तिथंच थांबतं, उन्हानं आटतं, आणि मागे मीठ उरतं. तेच आपलं पांढरं रण.

म्हणजे पाऊस जितका जास्त आणि जितका उशिरापर्यंत, तितकं रण पांढरं व्हायला उशीर. साधारण डिसेंबर ते फेब्रुवारी हा त्याचा खरा काळ. रणोत्सवाचे तंबू नोव्हेंबरपासून लागतात, हे खरं. पण तंबू लागले म्हणून मीठ जमतंच असं नाही. धोरडोला किंवा होडकोला राहण्याची खोली बुक करताना फोनवर एकच प्रश्न विचारा, 'आज पाणी कुठपर्यंत आहे?' तिथला माणूस सहसा खरं सांगतो, कारण चिडलेला पाहुणा त्यालाही नको असतो.

मग दिवाळीत जायचंच नाही का? जायचं. पण सफेद रण हा मुख्य बेत ठेवायचा नाही. दिवाळीत कच्छकडे बघण्यासारखं जे आहे ते पाण्यानंच केलेलं आहे, आणि माझ्या मते ते मिठापेक्षा जास्त बघण्यासारखं आहे.

कडिया ध्रो : कच्छमधली दरी

भुजपासून साधारण चाळीस किलोमीटरवर, नखत्राणा तालुक्याच्या बाजूला, भूखी नदीनं वालुकाश्म कापून एक दरी केली आहे. लाल, पिवळे, तपकिरी, जांभळट पट्टे, आणि मध्ये हिरवट पाण्याचे डोह. गुजरातीत 'धरो' म्हणजे नदीतला खोल डोह, त्यावरूनच हे नाव. २०२१ च्या सुरुवातीला न्यू यॉर्क टाइम्सच्या जगभरातल्या ५२ ठिकाणांच्या यादीत ही जागा आली आणि तेव्हापासून गर्दी वाढली. त्याआधी भुजच्याही पुष्कळ लोकांना ती माहीत नव्हती.

पारनेर तालुक्यातल्या निघोजचे रांजणखळगे ज्यांनी बघितलेत त्यांना इथली कारागिरी लगेच कळेल. फरक खडकाचा. निघोजला काळा बेसॉल्ट, इथं मऊ वालुकाश्म. पुराच्या पाण्याबरोबर आलेले गोटे भोवऱ्यात फिरतात, खडक घासतात, खड्डा खोल होत जातो. घंटीवर हिरा घासणाऱ्याला हे वेगळं सांगायला नको, फक्त इथं पैलू पडायला हजारो वर्षं लागतात.

आता काळजीच्या गोष्टी. शेवटचे दोन-तीन किलोमीटर रस्ता असा नाही. खडी, नाले, वाळू. बसकी गाडी खाली घासते, त्यामुळे ती अलीकडेच लावून चालत जायचं किंवा गावातली जीप-बाइक करायची. नकाशा दाखवणारं नेटवर्क ऐनवेळी जातं, म्हणून गावातला माणूस सोबत घ्या. त्यालाही चार पैसे मिळतात. तिथं दुकान, सावली, संडास यातलं काही धरून चालू नका. ऑक्टोबरमध्ये भुजचा पारा दुपारी पस्तिशीच्या वर असतो आणि खडक तापलेला असतो. सकाळी लवकर पोहोचून अकराच्या आत परत फिरायचं. माणशी तीन लिटर पाणी हे कमीत कमी.

आणि डोहात उतरायचं नाही. कडेचा खडक घोटून गुळगुळीत झालेला, त्यावर शेवाळ, आणि खाली किती खोल ते वरून कळत नाही. तापीत पोहायला शिकलेल्या पोरांना इथं विशेष धाक द्या. मदत यायला तास-दीड तास सहज जाईल. वरच्या भागात पाऊस झाला असेल तर दरीत जायचंच नाही. तुमच्या डोक्यावर ऊन असलं तरी मागून पाणी येऊ शकतं.

खावडा ते धोलावीरा

दिवाळीतला दुसरा मोठा बेत म्हणजे भुजहून खावडा आणि तिथून रण ओलांडून धोलावीरा. पूर्वी भुजहून धोलावीराला भचाऊ-रापरवरून मोठा वळसा घालून, दोनशेहून जास्त किलोमीटर जावं लागायचं. आता खावड्याहून थेट रस्ता झालाय आणि अंतर दीडशेच्या आत आलंय. या रस्त्याचा जवळपास तीस किलोमीटरचा तुकडा सरळ रणातून जातो. थंडीत दोन्ही बाजूंना मीठ, दिवाळीत दोन्ही बाजूंना पाणी. ज्यांना पांढरं रण मिळालं नाही त्यांनी मनाला लावून घेऊ नये, कारण पाण्यात आभाळ दिसतं ते फक्त याच दिवसांत, आणि नशीब असेल तर फ्लेमिंगोंचे थवे.

वाटेत काळो डुंगर लागतो. कच्छमधलं हे सर्वांत उंच ठिकाण, साधारण ४६० मीटर. वर दत्तात्रेयाचं मंदिर आहे आणि तिथं कोल्ह्यांना प्रसाद घालायची जुनी रीत आहे. आपल्याकडच्या दत्तभक्तांना हे ठाऊक नसतं, कळलं की मग घरातली म्हातारी माणसंही यायला तयार होतात. वरून उत्तरेकडे रण दिसतं, आणि त्याच्या पुढे पाकिस्तानची हद्द. म्हणून या भागात परवाना, तपासणी, ओळखपत्र हे सगळं आलंच. सफेद रणाचा परवाना ऑनलाइन निघतो, नाहीतर भिरंडियाराच्या नाक्यावर. प्रत्येक मोठ्या माणसाचं ओळखपत्र आणि गाडीचे कागद जवळ ठेवा. ड्रोन नेऊच नका. भिरंडियारात थांबलात तर बन्नीच्या म्हशींच्या दुधाचा मावा तेवढा घ्या.

धोलावीरा खडीर बेटावर आहे, म्हणजे चहूबाजूंनी रण. हडप्पा काळातलं हे शहर १९६० च्या दशकात पुरातत्त्वज्ञ जगत्पती जोशींनी उजेडात आणलं, १९९० पासून आर. एस. बिष्ट यांच्या देखरेखीखाली तिथं खोदकाम झालं आणि २०२१ मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत त्याचं नाव आलं. पोरांना नुसते दगड दाखवू नका, पाणी दाखवा. मनहर आणि मनसर असे दोन नाले, तेही फक्त पावसाळ्यात वाहणारे. त्यांना बांध घालून पाणी शहरात वळवलं, दगडात कोरलेल्या हौदांत साठवलं. त्यातला एक हौद सुमारे ७३ मीटर लांब आहे. साडेचार हजार वर्षांपूर्वी, रणाच्या मधोमध. दुष्काळी तालुक्यातून सुरतला आलेल्या माणसाला हे बघताना काय वाटतं ते ज्याचं त्यालाच माहीत. पुरातत्त्व खात्याची बरीच संग्रहालयं शुक्रवारी बंद असतात, तेवढा वार टाळा.

रस्ता आणि रात्र

कतारगामहून भुज सहाशे किलोमीटरच्या आसपास. कामरेजवरून हायवे, भरूच, वडोदरा, मग अहमदाबादमध्ये न शिरता वासदहून तारापूर-बगोदरा, लिंबडी, सुरेंद्रनगर, ध्रांगध्रा, हळवद, माळिया आणि सुरजबारीच्या पुलावरून सामखियाळी. नकाशावर बारा तास दिसतात. दिवाळीत दिसतात तेवढे लागत नाहीत, जास्त लागतात. कारण याच रस्त्यानं अर्धं सुरत सौराष्ट्रात जात असतं. खासगी बसेसच्या रांगा कामरेजपासूनच सुरू होतात. कारखाने सुटल्यावरचे पहिले दोन दिवस सोडून निघालात तर हाच रस्ता पुष्कळ हलका असतो. हजिऱ्याहून घोघ्याला जाणाऱ्या रो-रो फेरीत गाडी चढवून भावनगरमार्गे जाण्याचाही पर्याय आहे. पण सुट्टीच्या दिवसांत त्याचं बुकिंग आधी करावं लागतं आणि समुद्र खवळला तर फेरी रद्द होते.

सगळ्यात धोक्याची सवय म्हणजे शेवटची पाळी संपवून रात्री अकराला जेवायचं आणि लगेच गाडी काढायची, 'सकाळी भुजला पोहोचू' म्हणून. दिवसभर घंटीवर डोळे ताणलेला माणूस रात्रभर गाडी हाकून माळियाच्या अलीकडे असतो, आणि तिथं कंडला-मुंद्रा बंदरांचे ट्रेलर सुरू होतात. पैसे वाचतात ते एका रात्रीच्या खोलीचे. त्यापेक्षा घरी झोपून पहाटे चारला निघा. दुपारपर्यंत ध्रांगध्रा किंवा पाटडीपर्यंत पोहोचा, पावणेचारशेच्या आसपास होतात. तिथंच मुक्काम करा.

हा मुक्काम फुकट जात नाही. इथून छोटं रण सुरू होतं. घुडखर म्हणजे रानगाढवांचं अभयारण्य पावसाळ्यात बंद असतं आणि १६ ऑक्टोबरपासून उघडतं. मिठागरं करणारे अगरिया कुटुंबांसह याच सुमारास रणात परततात. आत जायचं तर स्थानिक जीप आणि वाटाड्या घेऊनच. रणात वाट ही नसतेच, चाकांचे ठसे असतात आणि ते चारी दिशांना जातात. वरचा थर कोरडा दिसतो, खाली चिखल असतो. आपली गाडी 'जरा रिळ काढायला' डांबरावरून खाली उतरवलीत तर ट्रॅक्टर येईपर्यंत तिथंच बसावं लागेल. सकाळी रण बघून दुपारी निघालात तर भुज दोनशेच्या थोडं वर राहतं, उजेडात पोहोचता.

भुजमध्ये दोन रात्री, धोलावीरात एक, आणि परतताना रापर-सामखियाळीवरून येत वाटेत आणखी एक. म्हणजे ध्रांगध्र्याची रात्र धरून सहा दिवस. चार दिवसांत हे सगळं करू म्हणणारे लोक गाडीच बघून येतात. भुजमध्ये अर्धा दिवस मोकळा असेल तर २००१ च्या भूकंपाचं स्मृतिवन बघा.

गाडी कोणाची?

सुरतेतल्या बहुतेक गाड्या सीएनजीवर. भुजपर्यंत रांगा लावाव्या लागतील, पण चालून जाईल. भुजच्या पुढे मात्र सीएनजीचा भरवसा धरू नका, पेट्रोलची टाकी भरा. खावड्याहून धोलावीराच्या वाटेवर पंप मिळेल असं समजून निघायचं नाही. स्टेपनीत हवा आहे का, जॅक चालतो का, हे कतारगाममध्येच बघून घ्या.

ओळखीच्याची पांढऱ्या पाटीची गाडी भाड्यानं घेणं स्वस्त पडतं, पण ते बेकायदा आहे. अपघात झाला तर विमा कंपनी नेमकं तेच पुढे करते. नवापूर-नंदुरबारहून पिवळ्या पाटीची गाडी करून येणाऱ्यांनी ऑल इंडिया टुरिस्ट परमिट आहे का ते मालकाला आधी विचारावं. आणि सीमेपलीकडून येणाऱ्यांना वेगळं सांगायला नको, तरी सांगतो : गुजरातेत दारूबंदी आहे, डिकीत बाटली सापडली तर सहलीचा मुक्काम पोलीस ठाण्यात होतो.

ज्यांना पांढरंच रण बघायचं आहे त्यांनी सुट्टी जानेवारीत काढावी. उत्तरायणाला १४ आणि १५ दोन्ही दिवस गुजरातेत सुट्टी असते, शेठकडून आणखी दोन मागितले की झालं. आता त्या दिवसांत गच्ची, पतंग आणि कतारगामच्या पापडीचं उंधियो सोडून कोण जाईल, हा प्रश्न आहेच. पण २६ जानेवारीला जोडूनही जमतं. पौर्णिमेला गर्दी आणि खोल्यांचे भाव दोन्ही चढतात. तिथीच्या दोन-तीन दिवस आधी गेलात तरी चांदणं पुरेसं असतं. थंडीचे कपडे मात्र खरेच घ्या. सुरतेतल्या हिवाळ्यावर जाऊ नका. कच्छमध्ये रात्री पारा दहाच्या खाली येतो, आणि नलियाचं नाव तर गुजरातच्या सर्वांत थंड ठिकाणांत दर हिवाळ्यात ऐकू येतं.

परत आल्यावर गाडी त्याच दिवशी धुवायला टाका, आणि नुसती वरून नको. रणातलं मीठ खालच्या पत्र्याला आणि ब्रेकला धरतं. गोड्या पाण्याचा जोरदार फवारा खालून मारून घ्या.