वाटेवरचा कायदा – भाग ७ : नंबर नसलेली गाडी

संध्याकाळी वर्ध्याच्या आर्वी नाक्यावर दहा मिनिटं उभं राहा. एमएच ३२ च्या गर्दीतून एक चार्जिंगची स्कूटी सुळकन निघून जाते. चालवणारी दहावीतली मुलगी, पायाशी दप्तर, मागे मैत्रीण आणि नंबर प्लेटच्या जागी नुसतं ‘आई’. पोलीस तिला अडवत नाहीत. दुकानदाराने वडिलांना सांगितलेलंच असतं, ‘‘काही नाही लागत भाऊ, ना लायसन, ना पासिंग.’’

आणि तो खोटं बोलत नसतो. केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ नुसार मोटर २५० वॅटपेक्षा कमी, वेग ताशी २५ किलोमीटरपेक्षा कमी, बॅटरी सोडून वजन ६० किलोच्या आत आणि ब्रेक-रिफ्लेक्टर जागेवर असतील, तर ती गाडी ‘मोटार वाहन’च ठरत नाही. मग नोंदणी, विमा, लायसन सगळंच गळून पडतं. युरोपात विजेच्या सायकलींना वॅट आणि वेगाचे हेच दोन आकडे आहेत, पण तिथे पायडल थांबलं की मोटरही थांबते. या स्कूटीला पायडलच नाही.

खरी मेख सीटखाली. तिथे कंट्रोलर नावाची डबी असते. मोटरला किती करंट द्यायचा ते ती ठरवते. बऱ्याच स्वस्त कंट्रोलरमध्ये वेगाचं कुलूप म्हणजे एक वायर. ती सुटी केली की तीच गाडी चाळिशीकडे धावते. पुण्याच्या एआरएआयसारख्या वाहन-चाचणी संस्थेने प्रमाणपत्र दिलेलं असतं ते कुलूप शाबूत असलेल्या गाडीला. मे २०२२ मध्ये राज्याच्या परिवहन आयुक्तांनी अशा फेरफार केलेल्या ई-बाइकविरुद्ध मोहीम काढली खरी, पण चौकातल्या हवालदाराला दोन्ही गाड्या सारख्याच दिसतात.

वायर सुटली की गाडी कायद्याने मोटार वाहन होते, तेही विनानोंदणी, विनाविमा. मालकाला दर फेरफारामागे ५ हजार दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद. चालवणारं पोर अल्पवयीन निघालं तर पालकाला २५ हजार दंड आणि ३ वर्षांपर्यंत कैद.

माझी तक्रार मात्र वायर शाबूत असलेल्या गाडीबद्दलही आहे. तिने भाजी घेऊन चाललेल्या आजोबांना पाडलं, खुब्याचं हाड मोडलं, तर मोटार अपघात न्यायाधिकरणाचं दार बंद, कारण ती मोटार नाही. विमा कंपनी नाहीच. उरतो दिवाणी दावा. तो ऐंशीच्या घरातल्या माणसाने कधी लावायचा?

लायसन मागू नये, असंच मला वाटतं. आठ किलोमीटरवरच्या सेवाग्रामला ड्युटीवर जाणाऱ्या बाईंना ही गाडी परवडते, पेट्रोल नाही. पण ‘आई’च्या जागी प्रमाणपत्राचा क्रमांक आणि वर्षाला थोडक्या पैशांत त्रयस्थ व्यक्तीचा विमा, एवढं सक्तीचं करायला काय हरकत आहे?

ई-रिक्षाचाही वेग २५ च, तरी तिला नंबर लागतो. तो कसा, ते पुढच्या आठवड्यात.