हेड बदलल्यानं काय होते?

रब्बीत अकोट-मूर्तिजापूरकडच्या रस्त्याने रात्री निघालं की दोन्ही बाजूंच्या अंधारातून टिक्-टिक्-टिक् ऐकू येतं. हरभऱ्यावर तुषार चालू असतात. संपादकांना हवा होता तुषार संचाच्या अनुदानावरचा लेख. 'प्रति थेंब अधिक पीक' योजनेत अल्पभूधारकांना ५५ टक्के, बाकीच्यांना ४५ टक्के, वरून राज्य सरकारची भर, अर्ज महाडीबीटीवर. अनुदानाची गोष्ट एवढीच, आणि ते मिळतं अख्ख्या संचाला. जुना संच घरात पडलेला, त्याचं काय करायचं हे त्यात कुठे नाही. ते कळलं अकोल्यातल्या एका दुकानाच्या ओट्यावर. तिथे मिस्त्री गोणपाटावर तुषारांची पितळी हेडं पसरून बसले होते आणि समोर एक शेतकरी घासाघीस करत होता.

"बाराही हेडं नवी द्या मिस्त्री. पानी लांब जातच नाई."

"हेड बदलल्यानं काय होते काकाजी? पह्यले नोझल तं पाहू द्या."

हे हेड मूळचं लिंबूवर्गीय बागांच्या मुलखातलं. कॅलिफोर्नियातल्या ग्लेंडोरा गावच्या ऑर्टन एंगलहार्ट या बागायतदाराने १९३३ साली ते जुळवलं, १९३५ मध्ये पेटंट मिळालं, आणि क्लेम लाफेट्रा व त्यांच्या पत्नी मेरी यांनी 'रेन बर्ड' नावाने त्याचा धंदा उभा केला. गंमत अशी की आपल्या वरूड-मोर्शीचा संत्रा ठिबकवर गेला आणि बागेतलं हे यंत्र इकडे हरभऱ्या-गव्हात रमलं.

त्यात ना मोटर, ना गिअर. नोझलमधून सुटलेली धार हातोड्याच्या टोकाच्या वाकड्या पात्यावर आदळते. हातोडा बाजूला फेकला जातो, स्प्रिंग त्याला ओढून परत आणते, तो हेडावर ठोका देतो आणि हेड जरासं सरकतं. तेवढ्यात धार पुन्हा पात्यावर. आपल्याला ऐकू येतो तो हा ठोका. स्प्रिंग सैल पडली की ठोका मंदावतो. बुडाच्या वायसरांत रेती गेली की हेड जागीच अडतं आणि एकाच पट्ट्यावर पाणी ओतत बसतं. नव्वद वर्षांत या रचनेत फारसं कुणी काही बदललं नाही, आणि मला तरी बदलावंसं काही दिसलं नाही.

मिस्त्रींनी एक नोझल खोललं, खिशातून साडेचार एमएमचा ड्रिल बिट काढला आणि त्याचा गुळगुळीत मागचा दांडा भोकात घातला. नोझल ४.४ चं. चांगलं असतं तर दांडा आत गेलाच नसता. इथे तो गेला आणि वर खुळखुळला. "हे पाहा. पाचाचं झालं."

एमएमच्या सहा दशांशांनी काय बिघडतं असं वाटेल. पण पाणी भोकाच्या क्षेत्रफळावर जातं: ४.४ चं पाच झालं की त्याच दाबाला जवळपास ३० टक्के जास्त पाणी. बारा हेडांनी एवढं जास्त मागितलं तर पाच एचपीचा पंप ते कुठून देणार? दाब बसतो. दाब बसला की धार फुटत नाही, थेंब मोठे पडतात, आखूड झालेल्या फेकीच्या टोकाला एक ओलं कडं उमटतं आणि मधलं रान कोरडं राहतं. काकाजींना हेड म्हातारं झाल्यासारखं वाटत होतं ते यामुळे. त्यांना लागत होती नोझलं, वायसर आणि चार स्प्रिंगा.

शहरातल्या बंगलेवाल्यांचं दुखणंही याच घरचं. लॉनमध्ये जुने फवारे असतात. त्यांतले दोन मोडले की तिथे नवीन फिरती गिअरची हेडं बसवली जातात. साधा फवारा तासाला फिरत्या हेडाच्या तिपटीइतकं पाणी पाडतो. दोन्ही एकाच व्हॉल्व्हवर ठेवली की लॉनच्या एका कोपऱ्यात चिखल होतो, दुसऱ्यात गवत पिवळं पडतं, आणि शिव्या माळ्याला. एका व्हॉल्व्हवर एकाच जातीची हेडं, हा नियम मिस्त्री शेतकऱ्याला आणि डॉक्टरला सारख्याच आवाजात सांगतात.

इथवर सगळं सोपं. पण नोझलं बदलून काकाजी शेतात गेले की पुढचं मिस्त्रींच्या हातात नाही. सहा मीटरच्या पाइपांच्या जोडातली रबरं उन्हाने कडक झालेली असतात. प्रत्येक जोड थोडं थोडं पाणी सोडतो आणि शेवटच्या हेडाला दाब उरत नाही. रात्रपाळीची वीज कमी दाबाने आली की चांगल्या नोझलाचीही धार ढेपाळते. त्यात पितळ. भंगारात किलोवर विकलं जातं म्हणून हेडं रात्रीतून उतरवून नेतात. खालचे रायझर-पाइप तसेच उभे. म्हणून बरेच जण प्लॅस्टिककडे वळलेत. ते कुणी चोरत नाही, पण वऱ्हाडातला उन्हाळा त्याला सोसत नाही. मिस्त्रींना प्लॅस्टिक आवडत नाही, तरी ओट्याच्या मागे त्याचीच खोकी जास्त आहेत.

आणि खारपाणपट्टा? पूर्णेच्या खोऱ्यात अकोला, अमरावती, बुलढाणा या तिन्ही जिल्ह्यांत पसरलेल्या या पट्ट्यात बोअरचं खारं पाणी तुषारने उडवलं की पानावर सुकून मीठ राहतं आणि कडा करपतात. माती चिकण, त्यात सोडियम; पाणी मुरायला वेळ घेते. झिजल्या नोझलाने जास्त ओतलं की पाणी साचतं, आणि हरभऱ्याला साचलेलं पाणी मुळीच चालत नाही. तिथला उपाय शेततळं. पावसाचं गोडं पाणी धरायचं, तेच फुलोऱ्याच्या आधी आणि घाटे भरताना तुषारने द्यायचं. मोजकं पाणी असलं की ३० टक्क्यांची उधळण डोळ्यांना दिसते, बोअरवाल्याला ती कधीच दिसत नाही.

दर्यापूरकडचा एक जण दोन हेडं घेऊन आला होता. शेततळ्यात आता किती पाणी उरलंय, हे त्याने विचारण्याआधीच सांगितलं. मिस्त्रींनी बिट पुसला आणि त्याची नोझलं खोलायला घेतली.