शाळेच्या पैशावर कारखान्याची सवलत

घरपट्टी थकली की आपल्या घरी नोटीस येते. दोन खोल्यांचे घर असो की मोहल्ल्यातले किराणा दुकान, त्यात सूट नाही. पण शेकडो कोटींचा कारखाना उभारणाऱ्या कंपनीला हाच मालमत्ता कर दहा दहा वर्षे माफ होतो आणि त्या माफीची झळ शेजारच्या शाळेला बसते, असे कोणी सांगितले तर? अमेरिकेच्या लुईझियाना राज्यात 1930 च्या दशकापासून हेच चालत आले आहे. आम्ही पडलो शिक्षक मंडळी. त्यामुळे या प्रकरणात आम्हाला आधी शाळा दिसली, धूर नंतर.

मिसिसिपी नदीच्या काठी, बॅटन रूज ते न्यू ऑर्लिन्स या साधारण 135 किलोमीटरच्या पट्ट्यात सुमारे दीडशे रसायन आणि तेल कारखाने आहेत. तिथले लोक या पट्ट्याला ‘कॅन्सर गल्ली’ म्हणतात. काठावरच्या अनेक वस्त्या कृष्णवर्णीयांच्या. त्यांचे पूर्वज इथल्याच उसाच्या मळ्यांवर गुलाम म्हणून राबले. मळे गेले, त्यांच्या जागी टाक्या आणि चिमण्या आल्या.

तिकडे मालमत्ता कर हा स्थानिक असतो. त्यातून शाळा, पोलीस, गटारे, वाचनालये चालतात. माफी मात्र राज्याचे एक मंडळ देत असे, आधी पाच वर्षे, मग आणखी पाच. ज्यांचा पैसा जाणार त्या शाळा मंडळाला कोणी विचारतही नसे. हातिमताई राज्य सरकार, खिसा मात्र गावाचा! कारण एकच सांगितले जाई, रोजगार. हे कारण अगदीच खोटे नाही. राज्ये कारखान्यांसाठी एकमेकांशी चढाओढ करतात आणि पोटापाण्याचा प्रश्न सगळीकडे आहे. पण सवलत घेणाऱ्यांत पिढ्यान्‌पिढ्या तिथेच बसलेले कारखानेही होते. बॅटन रूजचा तेलशुद्धीकरण कारखाना 1909 चा आहे. तो उचलून कोण कुठे नेणार होते?

याच राज्यात एकदा एक शहाणा प्रयोग झाला होता. तो आम्हाला फार भावला, कारण तो चक्क गुणपत्रिकेचा होता. 1988 मध्ये बडी रोमर गव्हर्नर झाले आणि पर्यावरण खाते पॉल टेम्पलेट या प्राध्यापकांकडे आले. त्यांनी ठरवले, करमाफी हवी तर आधी गुण मिळवा. किती वेळा नियम मोडले, एका नोकरीमागे किती विषारी वायू सोडले, याचे गुण ठरले. गुण कमी पडले की सवलतीला कात्री लागे, निम्म्यापर्यंतसुद्धा. ‘एका नोकरीमागे किती विष’ हे माप आम्हाला महत्त्वाचे वाटते, कारण नेहमी नोकऱ्यांचा आकडा एका सभेत सांगितला जातो आणि विषाचा आकडा दुसऱ्याच कचेरीत पडून राहतो. इथे दोन्ही एका ओळीत आले. मग गुण वाचवण्यासाठी कंपन्याच प्रदूषण कमी करण्याच्या योजना घेऊन येऊ लागल्या.

हे गुण द्यायला आकडे कुठून आले? कोणता कारखाना किती विषारी रसायन सोडतो हे जाहीर करण्याचा अमेरिकेचा कायदा 1986 चा. तो झाला त्यामागे भोपाळ होते. 1984 मध्ये आपल्या देशातली हजारो माणसे मेली, त्यानंतर तिकडच्या लोकांनी विचारले की आमच्या शेजारच्या टाकीत काय आहे. भोपाळच्या मय्यतींचा हाही एक हिशेब आहे, तो आपल्याकडे कमी सांगितला जातो.

गुणपत्रिका फार टिकली नाही. 1992 च्या सुरुवातीला एडविन एडवर्ड्स पुन्हा गव्हर्नर झाले आणि त्यांनी ती रद्द केली.

त्यानंतर जवळजवळ पाव शतक जुनाच कारभार चालला. 2016 मध्ये गव्हर्नर जॉन बेल एडवर्ड्स यांनी आदेश काढला, माफीला स्थानिक संस्थांची संमती लागेल. तेव्हा कुठे शाळा मंडळाला तोंड फुटले. ऑक्टोबर 2018 मध्ये बॅटन रूजच्या शिक्षकांनी आणि शाळेतल्या इतर कर्मचाऱ्यांनी एक दिवस काम बंद ठेवण्याचा ठराव प्रचंड बहुमताने केला. मागणी पगारवाढीची नव्हती. एक्सॉनमोबिल कंपनीच्या करमाफीचा अर्ज राज्याच्या मंडळापुढे येणार होता, त्याला विरोध करायला त्यांना त्या बैठकीला जायचे होते. ज्या कामांसाठी सवलत मागितली ती आधीच पुरी झालेली होती. म्हणजे नवी गुंतवणूक आणण्याचा प्रश्नच नव्हता. अर्ज त्या बैठकीतून मागे घेतला गेला आणि बंदही मागे घेतला गेला. जानेवारी 2019 मध्ये शाळा मंडळाने कंपनीची मागणी फेटाळली. आमच्या मते हा एका बलाढ्य कंपनीचा पराभव वगैरे नव्हता, तिच्या उलाढालीत ती रक्कम किरकोळ होती. शाळेच्या ताळेबंदात ती किरकोळ नव्हती, एवढेच.

त्याच नदीकाठी सेंट जेम्स भागात फॉर्मोसा प्लॅस्टिक्स या तैवानी समूहाने 2018 मध्ये 9.4 अब्ज डॉलरचा प्रकल्प जाहीर केला. त्यालाही मोठी करसवलत देऊ केलेली. या समूहाचे मागचे रेकॉर्ड पाहा. 2016 मध्ये व्हिएतनामच्या किनाऱ्यावर त्यांच्या पोलाद कारखान्याच्या सांडपाण्याने मासे मेले आणि 50 कोटी डॉलर भरपाई द्यावी लागली. टेक्सासमध्ये डायन विल्सन या कोळंबी पकडणाऱ्या कोळिणीने प्लॅस्टिकचे दाणे गोळा करून ते पुरावा म्हणून कोर्टात दाखवले आणि 2019 मध्ये 5 कोटी डॉलरची तडजोड झाली. सेंट जेम्समध्ये विरोधाला उभ्या राहिलेल्या शॅरन लविन्य या निवृत्त शिक्षिका. प्रकल्पाचे हवेचे परवाने 2022 मध्ये न्यायाधीशांनी रद्द केले, 2024 मध्ये वरच्या कोर्टाने ते परत दिले. त्याच वर्षी नव्या गव्हर्नरांनी करमाफीसाठी नोकऱ्या निर्माण करण्याची अटही काढून टाकली.

आपल्याकडे काय? महाराष्ट्रात 1964 पासून सामूहिक प्रोत्साहन योजना आहे. मुद्रांक शुल्क माफी, वीज शुल्क माफी, राज्याच्या जीएसटीवर आधारलेला परतावा असे तिचे प्रकार आहेत. फरक इतका की हा पैसा मुख्यतः राज्याच्या तिजोरीतला असतो. मागास तालुक्यात उद्योग यावा हा हेतू चांगलाच आहे, आमच्या विद्यार्थ्यांचे कितीतरी भाऊ अशाच वसाहतींत कामाला जातात. पण सवलतीचे प्रमाण ठरते ते गुंतवणूक आणि तालुक्याचा वर्ग पाहून. नाल्यात सोडलेल्या पाण्याची फाईल प्रदूषण नियंत्रण मंडळाकडे राहते. दाभोळ खाडीत मेलेले मासे तरंगले की लोटे-परशुरामकडे बोट दाखवले जाते, पंचनामा होतो, आणि खाडीवर जगणारी दालदी आणि भोई कुटुंबे पुन्हा जाळे घेऊन निघतात. कोणत्या कंपनीला किती सवलत मिळाली हे त्या पंचनाम्यात नसते.

हे विचारता येते. माहिती अधिकाराच्या अर्जाला दहा रुपये लागतात, उत्तराची मुदत तीस दिवस. सवलतीची रक्कम विचारायची जिल्हा उद्योग केंद्रात, नोटिसा आणि पाण्याचे अहवाल मागायचे प्रदूषण मंडळाच्या प्रादेशिक कार्यालयात. आपल्या राज्याच्या नियमांप्रमाणे एका अर्जात एकच विषय आणि दीडशे शब्दांची मर्यादा आहे, तेव्हा अर्ज दोन करावे लागतील.