मुंबई विद्यापीठातील विद्यार्थी सेवा व अध्ययन संधी : बदलापूर परिसरातील महाविद्यालयांच्या संदर्भात

प्रस्तावना :

१८ जुलै १८५७ रोजी स्थापन झालेल्या मुंबई विद्यापीठाचे कार्यक्षेत्र आज मुंबई शहर, मुंबई उपनगर, ठाणे, पालघर, रायगड, रत्नागिरी व सिंधुदुर्ग अशा सात जिल्ह्यांत पसरलेले असून आठशेहून अधिक महाविद्यालये त्याच्याशी संलग्न आहेत. असे असले तरी पदवी वर्गातील सर्वसामान्य विद्यार्थ्याचा विद्यापीठाशी संबंध बहुधा दोनच प्रसंगी येतो : परीक्षेचा अर्ज भरताना आणि निकाल लागल्यावर. या दोहोंच्या पलीकडे विद्यापीठ व शासन यांनी विद्यार्थ्यांसाठी कोणत्या सेवा निर्माण केल्या आहेत आणि त्या त्याच्यापर्यंत का पोहोचत नाहीत, याचे विवेचन करणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

अंतराचा प्रश्न :

२०११ च्या जनगणनेनुसार उल्हासनगर, अंबरनाथ व कुळगाव-बदलापूर या तीन शहरांची एकत्रित लोकसंख्या नऊ लाखांहून अधिक होती. येथील विद्यार्थ्याला विद्यापीठाच्या कालिना येथील विद्यानगरी परिसरात जायचे झाल्यास कर्जत मार्गावरील लोकलने कुर्ला गाठावे लागते व तेथून बस अथवा रिक्षा करावी लागते. एका कामासाठी अख्खा दिवस जातो. शिवाय रेल्वेचा सवलतीचा विद्यार्थी पास घर ते महाविद्यालय एवढ्याच प्रवासासाठी मिळतो. जो बदलापुरात राहतो व तेथेच शिकतो, त्याला कालिन्याची प्रत्येक खेप पदरमोड करूनच करावी लागते. म्हणजे अंतर हे केवळ किलोमीटरचे नसून वेळ, पैसा व माहिती या तिन्हींचे आहे. कल्याण येथे विद्यापीठाचा उपपरिसर झाला असला, तरी पारंपरिक पदवीच्या विद्यार्थ्याला लागणाऱ्या बहुतेक सेवांचे पहिले दार म्हणजे त्याचे स्वतःचे महाविद्यालयच होय.

प्रमुख सेवा व संधी :

१) विद्यार्थी विकास : महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठ अधिनियम, २०१६ ने विद्यार्थी विकासाच्या कार्याला स्वतंत्र मंडळाचे स्थान दिले. ‘कल्याण’ या शब्दाच्या जागी ‘विकास’ हा शब्द येणे हा केवळ नामबदल नव्हे. विद्यार्थी हा मदत घेणारा नसून घडणारा आहे, ही त्यामागील भूमिका आहे. आंतरमहाविद्यालयीन युवा महोत्सव आणि २००६ पासून सुरू असलेले ‘आविष्कार’ संशोधन संमेलन ही त्याची ठळक उदाहरणे होत. आविष्कारसाठी प्रयोगशाळाच हवी असा समज आढळतो. तो बरोबर नाही. मानव्यविद्या, भाषा व ललित कला, तसेच वाणिज्य, व्यवस्थापन व विधी यांसाठीही त्यात स्वतंत्र गट आहेत.

२) राष्ट्रीय सेवा योजना व आजीवन अध्ययन : २४ सप्टेंबर १९६९ रोजी देशातील ३७ विद्यापीठांत सुरू झालेल्या राष्ट्रीय सेवा योजनेत स्वयंसेवकाने दोन वर्षांत २४० तासांचे कार्य व एक सात दिवसांचे विशेष शिबिर पूर्ण करणे अपेक्षित असते. आजीवन अध्ययन व विस्तार विभागाचे प्रकल्पही याच स्वरूपाचे आहेत. दुर्दैवाने सवलतीच्या १० गुणांपुरतेच याकडे पाहण्याची सवय विद्यार्थ्यांना, आणि प्रांजळपणे सांगायचे तर आपल्यालाही, दीर्घकाळ लागली होती.

३) आर्थिक साहाय्य : भारत सरकार मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती, राजर्षी छत्रपती शाहू महाराज शिक्षण शुल्क शिष्यवृत्ती इत्यादी योजनांचे अर्ज महाडीबीटी प्रणालीतून भरले जातात आणि रक्कम आधारशी जोडलेल्या बँक खात्यात जमा होते. याच टप्प्यावर अनेकांची गाडी अडते. माझ्या वर्गातील एका विद्यार्थिनीचा अर्ज मंजूर होऊनही तिचे खाते आधारशी जोडलेले नसल्याने रक्कम मिळाली नाही व तिसऱ्या वर्षाचा प्रवेश सोडण्याचा विचार तिने बोलून दाखविला. चूक तिची नव्हती. वेळेवर सांगणे हे माझे काम होते. तसेच जुलै २०२४ मध्ये मुलींना जाहीर झालेली पूर्ण शुल्कमाफी ही व्यावसायिक अभ्यासक्रमांतील विशिष्ट प्रवर्गांसाठी असून तिला कौटुंबिक उत्पन्नाची मर्यादा आहे, हेही प्रवेशाच्या वेळीच स्पष्ट करणे आवश्यक आहे.

४) ज्ञानसाधने : २०१७ साली सुरू झालेल्या ‘स्वयम्’ वरील अभ्यासक्रमांना विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०२१ च्या विनियमांनुसार एका सत्रातील ४० टक्क्यांपर्यंत श्रेयांक देता येतात. ‘एन-लिस्ट’ द्वारे सदस्य महाविद्यालयांना इलेक्ट्रॉनिक नियतकालिके व ग्रंथ उपलब्ध होतात. मात्र त्यासाठी ग्रंथपालांकडून खाते उघडून घ्यावे लागते.

५) तक्रार निवारण : २०२३ च्या विनियमांनुसार विद्यार्थी तक्रार निवारण समितीचा निर्णय मान्य नसल्यास १५ दिवसांत लोकपालाकडे अपील करता येते. हा हक्क माहीत नसणे म्हणजे तो नसण्यासारखेच आहे.

स्थानिक परिसर : एक अध्ययन संधी

राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० नुसार कार्यप्रशिक्षण, क्षेत्रप्रकल्प व समुदाय सहभाग यांना श्रेयांक प्राप्त झाले आहेत. त्यासाठी मुंबईकडे पाहण्याची गरज नाही. अंबरनाथचे शके ९८२ चा शिलालेख असलेले शिवमंदिर इतिहासाच्या विद्यार्थ्यासाठी, फाळणीनंतर कल्याण कॅम्पमध्ये वसलेल्या सिंधी कुटुंबांच्या आठवणी समाजशास्त्राच्या विद्यार्थ्यासाठी, उल्हासनगरच्या बाजारपेठा वाणिज्याच्या विद्यार्थ्यासाठी, तर २६ जुलै २००५ चा उल्हास नदीचा पूर भूगोलाच्या विद्यार्थ्यासाठी उत्तम अभ्यासविषय ठरतात. यांतील एखादा प्रकल्प नीट केला तर तोच पुढे आविष्कारमध्ये मांडता येईल.

उपाययोजना :

१) प्रवेशाच्या वेळीच सर्व योजना, आवश्यक कागदपत्रे व मुदती यांचे एकपानी मराठी माहितीपत्रक द्यावे.
२) प्रत्येक वर्गाच्या मार्गदर्शक शिक्षकाने पहिल्याच महिन्यात बँक खाती व दाखले यांची पडताळणी करावी.
३) वर्षातून एकदा प्रथम वर्षाच्या विद्यार्थ्यांची कालिना येथील जवाहरलाल नेहरू ग्रंथालयास सामूहिक भेट आयोजित करावी.
४) तक्रार निवारण समितीच्या सदस्यांची नावे दर्शनी फलकावर लावावीत.

समारोप :

विद्यापीठ मोठे असणे ही विद्यार्थ्याच्या दृष्टीने संधीही असते व अडचणही. परिपत्रक निघाले म्हणजे सेवा पोहोचली असे होत नाही. परिपत्रक आणि विद्यार्थी यांच्यामध्ये शिक्षक उभा असतो. ज्या घरात महाविद्यालयाची पायरी चढणारे ते पहिलेच मूल असते, तेथे ही माहिती सांगणारे दुसरे कोणी नसते. म्हणूनच ती सांगणे हा अध्यापनाचाच एक भाग मानला जावा.